खाटेखालची डिस्क

कंपनीचा निरोप फेब्रुवारीत आला होता. 'आपल्या वाक्‌साहाय्यकाची सध्याची ऑपरेटिंग सिस्टिम एकतीस मेनंतर बंद होत आहे. नवी सिस्टिम टाकायला आमची तंत्रज्ञ घरी येईल. त्याआधी डिस्क पूर्णपणे पुसावी लागेल.' वृषालीने तो वाचला आणि मोबाइल बाजूला ठेवला. त्यात काळजी करण्यासारखं तिला काही दिसलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला तंत्रज्ञ आली. तबस्सुम मुजावर तिचं नाव. तिशीची, पाठीवर सॅक, घामाने ओढणी मानेला चिकटलेली. मिरजेचीच होती, किल्ल्याच्या बाजूला राहणारी.

आतल्या खोलीत हेमंतराव कुरुंदवाडे खाटेवर उशीला टेकून बसले होते. वय पासष्ट. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलं असताना त्यांना झटका आला होता, त्याला आता आठ वर्षं झाली होती. उजवं अंग गेलेलं. डाव्या कानाच्या वर, केसांत लपलेली रुपयाएवढी चकती, तिच्यातून निघालेली पांढरी वायर खाटेखालच्या संगणकात. उशाशी एक स्पीकर. या सगळ्या सरंजामाला घरात 'डबी' म्हणत.

"या, या. उन्हातून आलात," स्पीकरमधून हेमंतरावांचा आवाज आला. जुन्या व्हिडिओंवरून तयार केलेला, पण हुबेहूब त्यांचा. "वृषा, पन्हं कर की त्यांच्यासाठी."

"करते," वृषाली म्हणाली. तिला बरं वाटलं. घरी आलेल्या माणसासमोर नवऱ्याने असं बोललं की तिला बरं वाटायचं.

पन्ह्याचा पेला घेऊन ती परत आली तेव्हा तबस्सुम जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने आपला लॅपटॉप खाटेखालच्या संगणकाला जोडला होता आणि ती पडद्याकडे बघत होती. पेला तिने हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"काकू, हा आकडा तुम्हाला कुणी दाखवला होता का?"

"कुठला?"

"थोडं बाहेर बसून बोलू या का?"

आठ वर्षांपूर्वीची आणि त्याच्याही आधीची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण वृषालीला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसता बसता तीच आठवत होती.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. एका वर्षी पुण्याला पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर दोन वर्षांसाठी तिची निवड झाली. त्याचं सरकारी पत्र घरी आलं ते हेमंतरावांनी सही करून घेतलं आणि ऑफिसच्या कपाटात ठेवून दिलं. तिला वाटलं, निवड झालीच नाही. चार वर्षांनी ऑफिसचं कपाट हललं, कागदांचे गठ्ठे घरी आले, आणि त्यांत तिला स्वतःचं नाव असलेलं पाकीट सापडलं. तिने आदळआपट केली नाही. तिने नवऱ्याशी बोलणं बंद केलं. तेही काही बोलले नाहीत. दूधवाल्याचा निरोप, सिलिंडर संपल्याचं, मुलीच्या फीचं, एवढंच बोलणं व्हायचं. अशी तीन वर्षं गेली. मग एका सकाळी ते न्हाणीघरात पडले.

डॉक्टरांनी सांगितलं, समजतं त्यांना सगळं. मेंदूत जिथे शब्दांची जुळणी होते ती जागा गेली आहे. त्यामुळे बोलता येणार नाही, आणि लिहिताही येणार नाही, कारण मुळात शब्दच हाताशी येत नाहीत. हो-नाहीची मानही भरवशाची नाही, 'हो' म्हणायचं असताना ते मान आडवी हलवतील. त्या वर्षी डबी नवीनच निघाली होती. मेंदूवर केसाहून बारीक तारांची जाळी पसरायची. माणसाने बोलायचा प्रयत्न केला की तिथल्या पेशींत ज्या हालचाली होतात त्या टिपायच्या. आणि त्यांवरून कुठला शब्द बोलायचा आहे हे संगणकाने ओळखायचं. सहा महिन्यांत हेमंतराव तुटक बोलू लागले. दोन वर्षांत सलग बोलू लागले.

आणि तिसऱ्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी, ती कपड्यांच्या घड्या घालत असताना ते म्हणाले, "वृषा, ते पत्र मी तुला द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

हातातली चादर तशीच धरून ती रडली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्यासमोर रडली होती. त्यानंतरची पाच वर्षं सुखाची गेली, असं ती कुणालाही सांगू शकली असती. सांगायचीही.

तबस्सुमने लॅपटॉप मांडीवर घेतला. "काकू, तुम्ही शिक्षिका होता, म्हणून मी सरळ सांगते. मेंदूवर बाहेरची तार ठेवली की मेंदू तिच्याभोवती हळूहळू कातडं धरतो. व्रणासारखं. ते जाड होत जातं आणि तारेला ऐकू येणं कमी होतं. हे सगळ्यांचंच होतं. जुन्या सिस्टिममध्ये त्यावर एक उपाय केला होता. जिथे नीट ऐकू येत नाही तिथे मशीनने अंदाज करायचा. घरात काय बोलणं चालू आहे, समोरचा काय म्हणाला, काका पूर्वी काय म्हणाले होते, यावरून पुढचा शब्द भरायचा."

"बरं."

"पहिल्या वर्षी काकांच्या बोलण्यातला त्यांचा स्वतःचा वाटा एकाहत्तर टक्के होता. उरलेलं मशीनने भरलेलं. तिसऱ्या वर्षी बावीस." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आत्ता तीन आहे."

"तीन म्हणजे?"

"शंभर शब्द बोलले, तर त्यांतले तीन काकांचे."

वृषाली पडद्याकडे बघत राहिली. आकडा बारीक अक्षरांत होता. वर एका कोपऱ्यात घरातल्या संभाषणाचे एकूण तास लिहिले होते.

"उरलेले कुठून येतात?" तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"या घरात जे बोललं जातं त्यातून. म्हणजे... बरेचसे तुमच्याकडून, काकू."

आतून हेमंतरावांचा आवाज आला, "वृषा, काय खलबतं चाललीत बाहेर?"

वृषा. तिला माहेरी वृषा म्हणत. बहीण अजूनही फोनवर तसंच म्हणायची, आणि फोन स्पीकरवर असायचा. हेमंतराव तिला 'अगं' म्हणत, बाकी काही नाही. हाक बदलली तेव्हा तिला वाटलं होतं, माणूस मरणाच्या दारातून परत आला की मऊ होतो.

"आले हं," ती म्हणाली. मग तबस्सुमला तिने विचारलं, "एखाद्या दिवशीचं एखादं वाक्य सापडेल?"

"सापडेल. डिस्क पुसेपर्यंत सगळं आहे."

तारीख तिला पाठ होती. तबस्सुमने ती टाकली, दुपारी कितीला ते विचारलं आणि वाक्य काढलं. दहा शब्द एका ओळीत होते. प्रत्येकाखाली एक उभी पट्टी. नऊ पट्ट्या जवळजवळ रिकाम्या होत्या. एक भरलेली होती.

"'पत्र' हा शब्द काकांचा आहे," तबस्सुम म्हणाली. "अगदी स्पष्ट आहे. आधी चार-पाच वेळा प्रयत्न केलेला दिसतोय. बाकीचं मशीनचं."

"मशीनला पत्राचं काय माहीत?"

"तुम्ही कुणाशी बोलला होता का त्याबद्दल? या घरात?"

बोलली होती. बहिणीशी, फोनवर, कितीदा तरी. 'एकदा तोंडाने म्हणाले असते की चुकलं माझं, तर सोडून दिलं असतं मी,' हे तिचंच वाक्य.

त्यांना पत्राबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, एवढं खरं. काय, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. कदाचित चुकलं असंच म्हणायचं असेल. कदाचित, दिलं नाही तेच बरं केलं. कदाचित ते कुठल्या तिसऱ्याच पत्राची चौकशी करत असतील. वृषालीला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं. रडू, राग, काही. तसं काही झालं नाही. दूध तापत ठेवल्याचं आठवून ती उठली आणि गॅस बंद करून आली.

"नवीन सिस्टिमने काय होईल?" परत बसल्यावर तिने विचारलं.

"नवीन सिस्टिम वेगळ्या तऱ्हेने ऐकते. जाळी तीच राहील, पण व्रणाच्या खालून येणारा फार हळू संकेतही तिला पकडता येतो. आणि ती अंदाज करत नाही. कळलं तर बोलते, नाही कळलं तर गप्प राहते. पण मग काकांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. वर्षभरात दोन-तीनशे शब्द आले तरी पुष्कळ."

"आणि पुसायचं कशाला? हे असू दे एका बाजूला, ते टाका दुसऱ्या बाजूला."

"तसं केलं होतं आम्ही आधी काही ठिकाणी. नुसतं डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. धडे आत तसेच राहतात. नवी सिस्टिम रिकाम्या वेळात डिस्क चाळते, तिला ते धडे सापडतात, आणि महिन्याभरात ती जुन्यासारखीच बोलायला लागते. म्हणून प्रत्येक पानावर शून्य लिहायचं. मग सगळीकडे एक. मग पुन्हा शून्य. तीन फेऱ्या. त्यानंतर कुणालाच काही वाचता येत नाही. आम्हालाही नाही."

"आणि नाहीच पुसलं तर?"

"तर चालू राहील. कंपनी बघणार नाही, पण मशीन चालेल. आणखी वर्षभरात तिनाचं शून्य होईल." तबस्सुमने पन्ह्याचा पेला आता कुठे उचलला. "तरी डबी बोलत राहील, काकू. फरक तुम्हाला कळणारही नाही."

त्या संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला. वृषालीची मुलगी हैदराबादला होती, एका औषध कारखान्यात तपासनीस. आईने तिला सगळं सांगितलं.

"नको पुसू, आई," ती म्हणाली.

"अगं, पण ते..."

"मला कळलंय काय ते. ऐक ना. लहानपणी बाबा माझ्याशी काय बोलायचे? मार्क किती पडले, आणि पंखा बंद कर. माझा घटस्फोट झाला तेव्हा रोज रात्री माझ्याशी कोण बोललं? तू शेजारी बसलेली असायचीस, तुला माहीत आहे. 'बाळा, तू चुकली नाहीस' असं मला कोण म्हणालं?"

वृषालीला आठवलं. त्याच्या आदल्या दिवशी तिने स्वतः हेमंतरावांजवळ बसून म्हटलं होतं, पोरीचं काही चुकलेलं नाही हो.

"मग तो कोण का असेना," मृण्मयी म्हणाली. "मला तो पाहिजे. निदान कॉपी काढून ठेवायला सांग. माझ्या फोनवर टाकता येईल."

"विचारते."

"आणि बाबांना विचारलंस का?"

हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन ठेवून ती आत गेली. हेमंतराव छताकडे बघत होते. त्यांचा डावा हात खाटेच्या कठड्यावर हळूहळू आपटत होता, नेहमीसारखा.

"अहो, डबीत नवीन सिस्टिम टाकायची म्हणतात. जुनं सगळं पुसून. टाकायची का?"

"आहे हे चांगलं चाललंय की," आवाज म्हणाला. "चालत्या गाडीला कशाला हात लावायचा?"

मागच्याच आठवड्यात शेजारच्या आरवाडेबाईंना तिने हेच सांगितलं होतं. गाडीसकट.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. तोंडावरून काही कळत नव्हतं. उजवा गाल तर ओघळलेलाच होता, पण डावा, जो हलू शकत होता, तोही हलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तबस्सुम पुन्हा आली. नियमाप्रमाणे दोन संमत्या लागत होत्या: ज्याची डबी आहे त्याची, आणि घरातल्या ज्या माणसाचा आवाज डिस्कवर साठलेला आहे त्याची. म्हणजे हेमंतरावांची आणि वृषालीची.

"काकांची संमती डबीकडून घेऊन उपयोग नाही," तबस्सुम म्हणाली. "मी नवी सिस्टिम या लॅपटॉपवर आणली आहे. हो आणि नाही, एवढे दोनच संकेत ओळखायला तिला शिकवता येतं. तासभर लागेल."

तिने लॅपटॉप खाटेसमोर स्टुलावर ठेवला. मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमचं नाव हेमंत आहे का? आपण सोलापुरात आहोत का? हे केळं आहे का? कृष्णा नदी मिरजेजवळून वाहते का? प्रत्येक प्रश्नानंतर हेमंतरावांनी मनातल्या मनात उत्तर बोलायचा प्रयत्न करायचा. पडद्यावर एक रेघ थरथरायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे झुकायची. पहिले दहा प्रश्न रेघ कशीही पळत होती. नंतर ती स्थिरावत गेली. शेवटच्या वीस प्रश्नांत अठरा उत्तरं बरोबर आली. हेमंतरावांच्या कपाळावर घाम जमला होता. वृषालीने तो पुसला.

स्पीकर बंद करायचं तबस्सुमच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"काका," ती सावकाश म्हणाली, "खाटेखालची डिस्क पुसून नवी सिस्टिम टाकायची. पुसू का?"

"राहू दे ना," स्पीकरमधला आवाज म्हणाला. "वृषाला उगीच त्रास."

रेघ 'हो'कडे झुकली.

तबस्सुमने वृषालीकडे पाहिलं नाही. तिने प्रश्न उलटा करून विचारला, "काका, जुनंच ठेवू का?"

"ठेवा, ठेवा," आवाज म्हणाला.

रेघ 'नाही'कडे गेली. इतकी जोरात की पडद्याच्या कडेला टेकली.

"पुन्हा एकदा विचारते. पुसू का?"

या वेळी आवाज काय म्हणाला ते वृषालीने ऐकलं नाही. ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. हात कठड्यावर आपटत होता. आवाज सुरू झाला की आपटायचा, थांबला की थांबायचा. हे ती पाच वर्षं बघत होती. त्यांना चाळा लागलाय असं तिला वाटलं होतं, आणि हाताला लागू नये म्हणून तिने कठड्याला जुन्या दुलईची पट्टी गुंडाळून शिवून टाकली होती. छान मऊ शिवली होती. आवाजही यायचा नाही.

रेघ 'हो'वर थांबली होती.

"झाली त्यांची संमती," तबस्सुम म्हणाली. "तुमची राहिली, काकू. तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. तो तुमचा हक्क आहे. नाहीतर कॉपी काढायची असेल तर तीही निघते."

"कॉपी यांच्याशिवाय चालेल?"

तबस्सुमने जरा विचार केला. मग वाकून तिने हेमंतरावांच्या चकतीतली वायर काढली. वायरचं टोक तिच्या हातात होतं, कशालाच न जोडलेलं.

"बोला तुम्ही," ती म्हणाली.

 वृषालीच्या तोंडून रोजचंच आलं. "अहो, चहा करू का?"

"कर की. आलं घाल जरासं," आवाज म्हणाला. "आणि तू बस ना घटकाभर. सकाळपासून तुझे पाय थांबले नाहीत."

हेमंतराव खाटेवर डोळे मिटून पडले होते. आवाज त्यांच्या उशाशी होता आणि त्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"माझ्यावर रागावलात का?" वृषालीने विचारलं.

"तुझ्यावर? वेडी आहेस का."

तिने मान हलवली, कुणीतरी पत्ता सांगावा आणि तो लक्षात ठेवावा तशी. हे ऐकायला ती तीन वर्षं थांबली होती आणि नंतर पाच वर्षं रोज ऐकत आली होती. तिला जे ऐकायचं असायचं ते या घरात कधीच राहून गेलं नव्हतं. मृण्मयीला काय सांगायचं, हा विचार तिच्या मनात आला. सांगू काहीतरी. पोरगी तिच्यावर चिडेल, ते चालेल.

"कॉपी नको," ती म्हणाली.

तबस्सुमने पुढे केलेल्या पडद्यावर तिने बोटाने सही केली. मग तबस्सुमने स्पीकर बंद केला आणि काम सुरू केलं. एक पांढरी पट्टी आली आणि तिच्या आत निळा रंग मुंगीच्या पावलांनी सरकू लागला. पहिली फेरी, एक टक्का.

तीन फेऱ्यांना साडेपाच तास लागले. तेवढ्या वेळात वृषालीने कणीक मळली, पोळ्या केल्या, दोडक्याची भाजी केली. तबस्सुमला जेवायला वाढलं, हेमंतरावांना भरवलं. मधून मधून ती दारात उभी राहून पट्टी बघायची. त्रेचाळीस टक्के. एकाहत्तर. पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर जायला मिळालं असतं तर टक्केवारीचा धडा आपण कसा लिहिला असता, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. तेही तिने फार धरून ठेवलं नाही. साडेचारच्या सुमाराला तिसरी फेरी संपली आणि डिस्कवर काही उरलं नाही.

नवी सिस्टिम चाळीस मिनिटांत बसली. तिच्यासोबत आलेला छोटा पडदा तबस्सुमने खाटेशेजारी लावला.

पहिले अठरा दिवस डबी काहीच बोलली नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी वृषाली चित्रांचे पुठ्ठे घेऊन खाटेपाशी बसायची. पाणी, उशी, खिडकी, औषध. हेमंतराव प्रयत्न करायचे. मानेच्या शिरा फुगायच्या. पडदा कोरा राहायचा. तरीही, नव्या सिस्टिमला कळत नसलं की ती कबूल करते आणि गप्प राहते, हे वृषालीला हळूहळू बरं वाटायला लागलं होतं. निदान वाईट तरी वाटत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी स्पीकरमधून "पाणी" आलं. तिने पाणी दिलं. ते प्यायले. दोघांनीही काही साजरं केलं नाही.

मृण्मयीने तीन आठवडे फोन केला नाही. मग केला तेव्हा इकडचं तिकडचं बोलली. बाबांना दे म्हणाली नाही. शेवटी, ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तू मला निदान एकदा बोलू द्यायला पाहिजे होतंस त्याच्याशी." वृषाली म्हणाली, "हो, ते चुकलं माझं." फोन ठेवल्यावर तिला जाणवलं, हे शब्द आपण किती सहज बोललो.

जूनच्या अखेरीस हेमंतरावांकडे तेवीस शब्द झाले होते. त्या दिवशी वृषाली त्यांचं अंग पुसत होती आणि सवयीने बोलत होती: आरवाडेबाईंच्या सुनेचं, भाजीवाल्याचं, गल्लीतल्या नव्या गटाराचं. आठ वर्षं ती अशीच बोलत आली होती.

"गप," डबी म्हणाली.

टॉवेल हातात धरून ती थांबली. हा चोविसावा शब्द होता. पुठ्ठ्यांत तो नव्हता. त्यांनी तो स्वतः शोधून, जुळवून, व्रणाच्या खालून वर आणला होता.

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. यात रुसवा नव्हता. तिने स्वतःला चाचपून पाहिलं, आतून काही दुखत नव्हतं. घर पुन्हा झटक्याआधीच्या त्या तीन वर्षांसारखं झालं. स्वयंपाकघरात भांडी वाजायची, आतल्या खोलीत पंखा फिरायचा. कठड्याला शिवलेली दुलईची पट्टी तिने उसवून टाकली. हेमंतरावांचा हात त्यावर शांत पडून असायचा.

जुलैत तबस्सुम तपासणीला येऊन गेली. संकेत चांगले आहेत म्हणाली. वाटा शंभर टक्के, अर्थातच. "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?" तिने निघताना चपला घालता घालता विचारलं. "आहे की," वृषाली म्हणाली, आणि खरंच ती तिच्या मते बरी होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती चहा घेऊन आत गेली. हेमंतरावांना टेकवून बसवलं, चहा बशीत ओतून पाजला. अर्धा झाल्यावर डबी म्हणाली, "बस."

नेहमीचाच शब्द होता. जेवताना पोट भरलं की ते तो वापरत. तिने बशी कपावर ठेवली, त्यांचं तोंड टिपलं आणि कप घेऊन दाराकडे वळली.

"बस," मागून पुन्हा आवाज आला.

ती वळली. "नाही देत आणखी. नेतेय मी."

ते तिच्याकडे बघत होते. डावा हात कठड्यावरून उचललेला होता, अधांतरी.

"बस."

कप हातात घेऊन ती उभी राहिली. एक शब्द, त्याचे अर्थ दोन. जुनी डबी असती तर तिने लगेच एक अर्थ निवडला असता, वृषालीला आवडेल असा, आणि पुढे दहा शब्द जोडून दिले असते. नवीने काहीच जोडलं नाही. पडद्यावर तेवढी दोन अक्षरं होती.

"पुरे म्हणताय?" तिने विचारलं. "की मला बस म्हणताय?"

पडदा कोरा झाला. हेमंतरावांच्या मानेच्या शिरा वर आल्या. जबड्याचा डावा भाग थरथरला. वृषालीने त्यांना मदत केली नाही, पुठ्ठा उचलला नाही, शब्द सुचवला नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला आणि मग थांबला. अर्धं मिनिट गेलं, की एक, तिने मोजलं नाही.

"खाली," डबी म्हणाली.

वृषालीने कप खिडकीत ठेवला, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि ती बसली.